हाताला कळतं, तोंडाला येत नाही

भोगीच्या चार दिवस आधी लेकीचा होस्टेलवरून फोन आला, की आई यंदा मी घरी आल्यावर तिळाची भाकरी मी करणार, तू फक्त सांगायचं, हात लावायचा नाही. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला, आणि मग ओट्यापाशी उभी राहून विचार करायला लागले की सांगायचं म्हणजे नक्की काय सांगायचं? कारण मला भाकरी येते, चांगली येते, पण ती मला जिच्याकडून यायला हवी होती तिच्याकडून आलेलीच नाही. ती गोष्ट इतकी वर्षं मनात आहे, आज लिहून टाकते.

माझी आज्जी मंगळवेढ्याकडची. तो भाग ज्वारीचाच, काळी जमीन, मालदांडी ज्वारी, आता २०१६ साली तिथल्या ज्वारीला जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) मिळाला. आज्जीला टॅग वगैरे काही माहीत असायचं कारण नव्हतं पण मुठीत पीठ घेतलं की ती सांगायची, हे गेल्या वर्षीच्या ज्वारीचं आहे, ह्याला विरी नाही, म्हणजे चिकटपणा नाही. नुसतं हातात घेऊन. तिची भाकरी म्हणजे परातीएवढी, पातळ, कडेला एक चीर नाही, आणि तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी इंगळावर उभी केली की अशी टम्म फुगायची की आम्ही पोरं बघत बसायचो. ७२ च्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, तेव्हा रेशनवर ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी कुणाची धड व्हायची नाही, तुकडे पडायचे, तर आज्जी त्या मिलोचीही भाकरी अख्खी थापायची असं वडील सांगतात. म्हणजे कुठलंही पीठ तिच्या हातात आलं की ते तिचं ऐकायचं.

आणि हिच आज्जी मला भाकरी शिकवू शकली नाही.

दहावीच्या सुट्टीत मी महिनाभर तिच्याकडे होते, ठरवूनच गेले होते. पहिल्या दिवशी विचारलं, आज्जी पाणी किती घालायचं? म्हणाली, बसंल तेवढं. बरं, मळायचं किती? मऊ हुईस्तवर. थापताना मोडतेय गं. जोर नको दिऊ. मग जोर कमी केला तर जाड राहिली, तर म्हणे जोर लाव की जरा. मी रडकुंडीला आले की ती माझ्या हातातला गोळा काढून घ्यायची, दोन मिनिटांत फिरवून फिरवून भाकरी तव्यावर टाकायची आणि म्हणायची, हे बघ, असं. आणि मी बघायचे आणि मला काहीच दिसायचं नाही. तिचे हात दिसायचे फक्त. एकदा मी चिडून म्हणाले तू नीट सांगतच नाहीस, तर ती खरंच गोंधळली, चिडली नाही, गोंधळली, आणि म्हणाली, "त्यात काय सांगायचं असतंय पोरी? हाताला कळतंय की."

हे तिचं वाक्य मी किती वर्षं उलटसुलट करून बघितलंय. तेव्हा मला वाटलं की तिला शिकवायचंच नाहीये. आता कळतं की ती अगदी खरं सांगत होती. तिच्या हाताला कळत होतं आणि हाताकडून तोंडापर्यंत रस्ताच नव्हता. ती सहासात वर्षांची असताना कधीतरी शिकली असणार, तेव्हा काय अडलं, काय चुकलं, पहिली भाकरी कशी मोडली ह्यातलं काही तिच्याकडे शिल्लकच नव्हतं. ज्याला आपण न येण्याचे दिवस म्हणतो ते तिच्या आठवणीतून पुसून गेले होते.

भाकरी मला आली ती लग्नानंतर पुण्यात, आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींकडून. ह्या मावशी मुंबईत चाळीत वाढलेल्या, माहेरी रेशनच्या गव्हाच्या चपात्या, आणि लग्न झालं थेट बीडकडच्या खेड्यात. एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा ज्वारीच्या पिठाला हात लावला आणि सासरी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. त्यांची भाकरी आज्जीच्या पासंगालाही पुरली नसती, हे मी त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतेय, जरा जाडसर असायची, कधी एका बाजूनं फुगायची नाही. पण त्यांनी मला तीन दिवसांत भाकरी शिकवली. तीन!

पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ताई, आज थापायचंच नाही." एका भाकरीचं पीठ, कडकडीत पाणी थोडं थोडं घालत, आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं परातीवर रगडायचं, बस. त्यांनी सांगितलं की गव्हाला अंगचा चिकटपणा असतो, ज्वारीला नसतो, तिला आपण आणायचा, म्हणून गरम पाणी आणि म्हणून रगडणं. मग गोळा दाबून दाखवला, कडेला चिरा पडल्या. "आता तुम्हाला वाटंल पाणी कमी झालं आणि तुम्ही पाणी घालणार, मीबी तेच करायचे, आणि मग ते परातीला चिकटायचं. पाणी कमी नाही, मळणं कमी पडलंय." दुसऱ्या दिवशी थापणं. बोटं कुठं ठेवायची, मधे दाबायचं नाही, कडेकडेनं फिरवत न्यायची. तिसऱ्या दिवशी तवा. पिठाची बाजू वर, तिच्यावर पाणी फिरवायचं, आणि ते पाणी पूर्ण वाळायच्या जरासं आधी उलटायची, वाळू दिलं की चिरली म्हणून समजा.

प्रत्येक ठिकाणी त्या म्हणायच्या, इथं तुमचं असं होणार. आणि तसंच व्हायचं. मी कुठं पडणार हे त्यांना आधी माहीत होतं कारण त्या तिथंच पडलेल्या होत्या आणि ते त्या विसरल्या नव्हत्या.

कॉलेजात असताना आम्हाला संस्कृतच्या बाईंनी मालविकाग्निमित्र शिकवलं होतं, कालिदासाचं, आणि त्यातला एक श्लोक मला मावशींमुळे दहा वर्षांनी कळला. गोष्ट अशी की विदिशेच्या राजाच्या दरबारात दोन नाट्याचार्य आहेत, गणदास आणि हरदत्त, आणि दोघांत श्रेष्ठ कोण ह्यावरून भांडण लागलंय. (भांडण विदूषकानं मुद्दाम लावलेलं असतं, राजाला मालविका बघायची असते, ते सोडा.) निवाडा करायला पंडिता कौशिकी नावाची परिव्राजिका बसवतात, आणि ती म्हणते की एखाद्याची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, दुसऱ्या एखाद्याची ती दुसऱ्यात उतरवण्यात खासियत असते, आणि ज्याच्याकडे दोन्ही चांगलं असेल त्यालाच शिक्षकांत सगळ्यात पुढं बसवावं. म्हणून आचार्यांनी स्वतः नाचून दाखवायचं नाही, शिष्यांना नाचवून दाखवायचं.

ह्यात कालिदासानं शब्द वापरलाय 'संक्रांती'. एकाकडून दुसऱ्याकडे जाणं, ह्या अर्थानं. बाईंनी तेव्हा सांगितलं होतं की सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ती जशी संक्रांत, तशी विद्या एका माणसातून दुसऱ्या माणसात जाते तीही संक्रांत. मला हा शब्द फार आवडतो. आज्जीकडे श्लोकातली क्रिया होती, म्हणजे स्वतःच्या ठायी असलेली विद्या, पूर्ण, निर्दोष. संक्रांत मावशींकडे होती.

आपल्याकडे एक समज घट्ट आहे की ज्याला जास्त येतं तो जास्त चांगलं शिकवणार. मुलांचे क्लास निवडताना आपण सर स्वतः किती हुशार, कुठून डिग्री, कितवा रँक हेच बघतो. मुलं त्यांच्यापुढून कशी बाहेर पडतात, घाबरून की डोळे उघडून, हे आपण शेवटी बघतो किंवा बघतच नाही. रमाकांत आचरेकर सरांकडे ह्या मापानं कुणी पोरगं पाठवलंच नसतं. फर्स्ट क्लासची एकच मॅच खेळले ते आयुष्यात. एक! आणि शिवाजी पार्कात त्यांच्या हाताखालून सचिन, कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित अशी माणसं निघाली, १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ती स्टंपवरच्या रुपयाची गोष्ट सगळ्यांना माहितीये, पण मला ती शिकवण्याच्या दृष्टीनं बघावीशी वाटते. पोरगं दिवसभर खेळून दमलंय, संध्याकाळ झालीये, अशा वेळी विकेट टाकू नकोस हे शंभरदा सांगून काही होत नाही. सरांनी सांगितलंच नाही. स्टंपवर एक रुपया ठेवला, जो बॉलर आउट करेल त्याचा, आणि शेवटपर्यंत आउट झाला नाही तर रुपया सचिनचा. असे तेरा रुपये सचिननं जपून ठेवलेत. एकाग्रता हा शब्द न उच्चारता एकाग्रता शिकवली, आणि ही काही मोठ्या बॅट्समनची अक्कल नाही, ही वेगळीच अक्कल आहे, समोरच्या बारा तेरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात ह्या क्षणी काय चाललंय हे ओळखण्याची.

इथपर्यंत मला सगळं स्पष्ट वाटतं. येणं वेगळं, देता येणं वेगळं. पण मग मला आमचे गणिताचे प्रोफेसर आठवतात आणि मी अडखळते.

ते विद्वान होते, खरंच. वर्गात मात्र फळ्यावर दोन ओळी लिहायचे, तिसरी लिहिता लिहिता थांबायचे आणि म्हणायचे, इथून पुढं उघडच आहे. आम्हाला काही उघड नसायचं. कुणी विचारलं तर परत तीच ओळ, जरा मोठ्यांदा. निम्मा वर्ग बाहेर क्लास लावायचा, मीही लावला, आणि परीक्षेपुरतं गणित मी तिथं शिकले. ते गणित आज मला अजिबात आठवत नाही. पण प्रोफेसरांचं ते थांबणं आठवतं. फळ्याकडे बघत ते असे उभे राहायचे, खडू हातात, की जणू समोर काहीतरी फार सुंदर आहे आणि आम्ही पण ते बघतोय असं त्यांना मनापासून वाटत असायचं. मी गणितात पुढं काही केलं नाही, पण जगात अशी एक गोष्ट आहे जिच्यासमोर शहाणा माणूस असा उभा राहतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आता हे त्यांनी शिकवलं म्हणायचं की नाही? क्लासमधून मार्क आले आणि गेले, हे राहिलं. कालिदासाच्या पंडितेनं ह्याचा निवाडा कसा केला असता मला सांगता येत नाही, कारण मला फळ्यासमोर उभं करून नाचवलं असतं तर प्रोफेसर हरलेच असते.

तसंही त्या नाटकात मालविका नाचते, सगळे खूश होतात, गणदासाची वाहवा होते, आणि हरदत्त म्हणतो आता माझं बघा, तेवढ्यात भाट दुपार झाल्याची वर्दी देतात, विदूषक म्हणतो जेवायची वेळ झाली, आणि हरदत्ताचं उद्यावर जातं. त्याची शिष्या रंगमंचावर येतच नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही गंमत वाटली होती. आता वाटतं, किती शिकवणाऱ्यांची पाळी अशी येतच नाही.

आणि विद्या एक, शहाणपण आणखी वेगळं. भाकरीचं, बॅटिंगचं, गणिताचं निदान काहीतरी करून दाखवता येतं. शहाणपणाचं काय करून दाखवणार?

आज्जीकडे ते होतं. वडील आणि काका ह्यांची वाटणी झाली तेव्हा मी लहान होते, विहिरीकडच्या तुकड्यावरून रात्री ओसरीवर आवाज चढले, काका उठून उभे राहिले, आई आम्हाला आत घेऊन गेली. आज्जी बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "उजाडू दे आदी." कुणाची बाजू घेतली नाही, कोण चूक ते सांगितलं नाही. कंदील कमी केला आणि तिथंच दोघांच्या मधे वाकळ टाकून आडवी झाली. आता म्हातारी आई मधे झोपली असताना भांडणार कसं. सकाळी दोघं चहा पिऊन विहिरीवर गेले आणि दुपारपर्यंत पाण्याच्या पाळ्या ठरल्या, त्या आजही तशाच चालू आहेत. उजाडू दे हे ती कायम म्हणायची. काकूला माहेरून वाईट निरोप आला तेव्हा, माझा बारावीचा रिझल्ट लागला तेव्हा. रात्री काही ठरवायचं नाही, रात्री सगळं असतं त्याच्यापेक्षा मोठं दिसतं, एवढाच अर्थ असावा. पण हा अर्थ मी आत्ता लिहिला, तिनं कधी सांगितला नाही.

मी सांगितला. लेक होस्टेलला गेली त्या पहिल्या वर्षी रात्री साडेबाराला रडत फोन, रूममेटशी भांडण, मला इथं राहायचंच नाही, उद्या बॅग भरते. मी तिला वीस मिनिटं समजावलं. आज्जीची गोष्ट सांगितली, रात्री मन कसं थकलेलं असतं ते सांगितलं, निर्णय सकाळी का घ्यावेत ते मुद्देसूद सांगितलं, मला वाटतं मी चांगलं बोलले. ती म्हणाली, "आई तू लेक्चर देतेयस," आणि फोन कट. आज्जीला दोन शब्दांत जे जमायचं ते मला वीस मिनिटांत जमलं नाही, आणि शब्द तर तेच होते. मग फरक कुठं होता? मी रात्रभर त्याच विचारात होते. आज्जी ते दोन शब्द बोलून मधे झोपायची. मी फोनवर पुण्यात होते आणि माझं लक्ष माझ्या बोलण्याकडे होतं.

आपल्याच घरातलं एक उदाहरण मला नेहमी खुणावतं, घरातलं म्हणजे महाराष्ट्राच्या घरातलं. निवृत्तीनाथ आणि ज्ञानदेव. थोरला भाऊ गुरू, धाकटा शिष्य. गहिनीनाथांकडून जे आलं ते निवृत्तीनाथांकडे आलं, ते त्यांनी ज्ञानदेवांना दिलं, आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. आज गावोगाव पारायणं होतात ती ज्ञानेश्वरीची. निवृत्तीनाथांचे अभंग आहेत, पण विचारा कुणाला, चार तोंडपाठ असलेला माणूस शोधावा लागेल. वरवर बघितलं तर वाटेल की बघा, ज्ञान एकाचं आणि सांगण्याची ताकद दुसऱ्याची. मीही आधी असंच समजत होते.

पण ज्ञानदेव स्वतः असं म्हणत नाहीत. ते पानोपानी थांबून सांगतात की हे श्रीगुरूंचं, बोलवते निवृत्तीनाथ, मी निमित्त. ह्याला आपण नम्रता म्हणून पुढं जातो. मला वाटतं ते जसंच्या तसं खरं मानून बघावं. निवृत्तीनाथांना हजारोंना सांगता आलं नसेल, एकाला देता आलं. तो एक लहानपणापासून त्यांच्या मागून चालत होता, आईवडील गेल्यावर, गावानं दार लावून घेतल्यावर, एकाच पानातलं खात. असा शिष्य असला तर न बोलताही संक्रांत होत असेल. मग देण्याची ताकद देणाऱ्यात की घेणाऱ्यात? की त्या दोघांच्या मधे जे वर्षानुवर्षं एकत्र बसणं असतं त्यात? गणदास मालविकेबद्दल बोलताना म्हणतो की पावसाचं पाणी शिंपल्यात पडलं की मोती होतं तसं आहे हे, आणि आणखी एक म्हणतो, ते तर मला फारच आवडतं, की मी तिला जे जे शिकवतो ते ती माझ्याहून असं काही वेगळं करून दाखवते की जणू पोर मलाच उलट शिकवतेय. भांडकुदळ, मानी माणूस आहे तो, पण हे वाक्य बोलताना खरा शिक्षक आहे.

मी आज्जीकडे एक महिना होते. उत्तरं विचारत होते, किती, कसं, कधी. ती उत्तरं तिच्याकडे नव्हती. वर्षभर तिच्या शेजारी बसून नुसतं पीठ मळायला घेतलं असतं तर कदाचित आली असती भाकरी, काकूला आलीच की, काकू बारा वर्षं बसली. माझ्याकडे तेवढे दिवस नव्हते म्हणून मला मावशी लागल्या. आपल्या सगळ्यांकडेच आता तेवढे दिवस नसतात, म्हणून सांगता येणाऱ्या माणसांची किंमत फार आहे, आणि ती आपण देत नाही, हेही तितकंच खरं. मावशींना मी कधी म्हणाले नाही की तुम्ही माझ्या शिक्षिका आहात. त्या गावी परत गेल्या, नंबर बदलला.

भोगीला लेक आली. बाजरीचं पीठ ताजं दळून आणलेलं, बाजरीचं पीठ जरा राहिलं की कडू होतं. तिनं मोबाइल डब्याला टेकवून ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हणाली, हं, बोल. मी मावशींचं सगळं सांगितलं, कडकडीत पाणी, मनगटानं रगडणं, कडेच्या चिरा, पाणी नाही मळणं कमी. इथं तुझं असं होणार, हेही सांगितलं. पहिली मोडली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली, तिनं तोंड बारीक केलं. मी पुढं सांगणार होते, मग थांबले. शेजारी पाट घेतला आणि भोगीच्या भाजीचा हरभरा सोलत बसले.

बराच वेळ ती काही बोलली नाही, मीही नाही. तिनं तिसऱ्यांदा पीठ घेतलं, रगडलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, गोळा परातीतून उचलून दोन्ही हातांत घेतला आणि वजन केल्यासारखा थोडा वेळ धरून ठेवला. मी असं कधी करत नाही. मावशीही करायच्या नाहीत. आज्जी करायची. लेकीनं आज्जीला पाहिलेलं नाही.

मी विचारलं, हे कशाला गं?

"माहीत नाही," ती म्हणाली, "कळतं असं." आणि तिळाच्या वाटीकडे हात नेला.